नव्या गाडीचे पहिले ऑइल चेंज कधी? हजार किलोमीटरपेक्षा कॅलेंडर महत्त्वाचे

शोरूममधून नवी गाडी दारात येते. हार घातला जातो, चाकाखाली लिंबू ठेवले जाते, पेढे वाटले जातात आणि मग सल्ले सुरू होतात. त्यातला एक सल्ला हमखास असतो : ‘हजार किलोमीटर झाले की ऑइल बदलून टाक. नव्या इंजिनात लोखंडाचा चुरा असतो.’ महिन्याभराने गाडी पहिल्या मोफत सर्व्हिसला जाते, तेव्हा तिथला अ‍ॅडव्हायझर सांगतो, ‘सर, पहिल्या सर्व्हिसला ऑइल बदलत नाहीत. फक्त चेकअप असतो.’

आता खरे कोणाचे? वीस वर्षे गाडी चालवणाऱ्या मामांचे, की कंपनीचा टी-शर्ट घातलेल्या अ‍ॅडव्हायझरचे? प्रश्न दोन-चार हजार रुपयांच्या तेलाचा वाटतो. प्रत्यक्षात तो पाच-सात वर्षांच्या हप्त्यांवर घेतलेल्या इंजिनाचा आणि त्याच्या वॉरंटीचा आहे.

थोडक्यात उत्तर

– आजच्या बहुतेक पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना हजार किलोमीटरला ऑइल बदलण्याची गरज नाही.

– पहिले ऑइल चेंज ओनर्स मॅन्युअलमध्ये दिलेल्या टप्प्यावर करावे. बऱ्याच गाड्यांत हा टप्पा १० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष असा असतो. काही मॉडेलमध्ये तो ७५०० किंवा १५ हजार किलोमीटरही असतो.

– ‘यापैकी जे आधी येईल ते’ ही अट सर्वात महत्त्वाची. गाडी कमी फिरली तरी वर्ष चुकवायचे नाही.

– रोज चार-पाच किलोमीटरच्या फेऱ्या, धूळ, तासन्‌तास ट्रॅफिक किंवा घाटरस्ता असेल तर टप्पा निम्म्यावर आणणे शहाणपणाचे.

हजार किलोमीटरचा नियम आला कुठून?

हा सल्ला कोणी हवेतून काढलेला नाही. अ‍ॅम्बेसेडर आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी प्रीमियर पद्मिनी रस्त्यावर होती, त्या काळात तो योग्यच होता. तेव्हाच्या इंजिनाच्या भागांचे घासकाम आजच्याइतके अचूक नव्हते. सुटे भाग एकमेकांत ‘बसायला’ वेळ लागे आणि त्यात धातूचे कण बऱ्यापैकी सुटत. तेलही साधे खनिज तेल असे, ते लवकर खराब होई. त्यामुळे पहिले तेल लवकर काढून टाकणे हीच खबरदारी होती.

दुसरे कारण जास्त जवळचे आहे. आपल्याकडे बहुतेक घरांत कारच्या आधी दुचाकी येते. दुचाकीचे पहिले ऑइल चेंज आजही साधारण ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान कंपनीच सांगते आणि ते चुकवू नये. गिअरच्या बहुतेक मोटारसायकलींमध्ये इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लच या तिघांना एकच तेल वंगण देते. तेही अनेक गाड्यांत जेमतेम एक लिटर. गिअरचे दाते आणि क्लचच्या प्लेटा घासून सुटणारे कण त्याच लिटरभर तेलात फिरत राहतात.

कारमध्ये गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. छोट्या पेट्रोल कारच्या इंजिनात साधारण ३ ते ४ लिटर तेल असते आणि ते गाळायला कागदी फिल्टर असतो. म्हणजे कण कमी, तेल जास्त आणि गाळणीही चांगली. दुचाकीचा नियम जसाच्या तसा कारला लावला की गोंधळ होतो तो इथेच.

नव्या इंजिनात चुरा असतो, हे खरे की खोटे?

खरे आहे, पण ‘चुरा’ हा शब्द जरा जास्त होतो. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर कारखान्यातच मुद्दाम बारीक तिरप्या रेघा ओढलेल्या असतात. या रेघांमध्ये तेल धरून राहते. इंजिन चालू लागले की पिस्टनच्या रिंगा या भिंतीवर घासतात, वरची अगदी सूक्ष्म टोके झिजतात आणि रिंग भिंतीला नीट टेकते. यालाच रनिंग-इन म्हणतात. रिंग नीट बसली तरच इंजिनाला दाब मिळतो आणि तेल वर जाऊन जळत नाही.

या प्रक्रियेत लोखंडाचे सूक्ष्म कण तेलात येतात. जोडणी करताना लावलेले वंगण आणि जोड बंद करणाऱ्या सीलंटचा अंशही उतरतो. त्यामुळे पहिल्या तेलाची प्रयोगशाळेत तपासणी केली तर लोह आणि सिलिकॉनचे प्रमाण पुढच्या तेलांपेक्षा जास्त दिसते. त्यानंतरच्या प्रत्येक बदलाला ते खाली येत जाते.

मात्र मोठे कण फिल्टर पकडतो. जे फिल्टरमधून सुटतात ते इतके बारीक असतात की तेलातील रसायने त्यांना तरंगत ठेवतात आणि ते ऑइल चेंजच्या वेळी बाहेर पडतात. इंजिन आखताना हे सगळे गृहीत धरलेले असते.

तेल काळे दिसले म्हणजे खराब झाले, हाही असाच समज. डिझेल गाडीत नवे तेल काही शे किलोमीटरमध्ये काळे पडते. कारण ते काजळी उचलून स्वतःत धरून ठेवत असते. त्याचे कामच ते आहे.

मग कंपन्या काय म्हणतात?

बहुतेक कंपन्या पहिल्या हजार किलोमीटरला फक्त तपासणी ठेवतात. होंडाच्या अनेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्ये तर रनिंग-इनच्या सूचनांतच लिहिलेले असते की ठरलेल्या टप्प्याआधी तेल बदलू नका.

याला अपवादही आहे. बीएमडब्ल्यूच्या ‘एम’ मालिकेतील वेगवान गाड्यांना साधारण २००० किलोमीटरला रनिंग-इन सर्व्हिस असते आणि त्यात इंजिन ऑइल बदलले जाते. म्हणजे ज्या इंजिनाला गरज वाटते, तिथे कंपनी स्वतःच लवकर बदल सांगते. तुमच्या हॅचबॅकच्या मॅन्युअलमध्ये तसे लिहिले नसेल, तर ते छापायचे राहून गेले असे समजण्याचे कारण नाही.

इथे एक शंका रास्त आहे. कंपनीला सर्व्हिसचा खर्च कमी दाखवायचा असतो, कारण ‘देखभाल खर्च कमी’ हे जाहिरातीत चालते. शिवाय कंपनीची जबाबदारी वॉरंटीपुरती, म्हणजे अनेक गाड्यांबाबत ३ वर्षांच्या आसपास. खासगी गाडीचे आरसी मात्र १५ वर्षांचे असते. कंपनी आणि मालक यांचे हिशेब वेगळे आहेत, हे मान्य करायला हवे. पण याची दुसरी बाजूही बघा. ‘मोफत सर्व्हिस’मध्ये फक्त मजुरी मोफत असते, तेल आणि फिल्टरचे पैसे ग्राहकच देतो. तेल विकून सर्व्हिस सेंटरची कमाईच होते. तरीही हजार किलोमीटरला तो ‘गरज नाही’ म्हणत असेल, तर तो स्वतःच्या फायद्याविरुद्ध बोलतो आहे.

लवकर बदलले तर इंजिनाचे नुकसान होते का?

योग्य ग्रेडचे तेल, मूळ फिल्टर आणि नीट काम असेल तर नुकसान होत नाही. मनाची शांती मिळते आणि खिशातून साधारण दोन-चार हजार रुपये जातात. गाडी दहा-बारा वर्षे ठेवायची आहे, म्हणून एखाद्याने ५००० किलोमीटरला एक जादा ऑइल चेंज केले तर त्याला वेड्यात काढू नये. विमा म्हणून तो खर्च समजण्यासारखा आहे.

धोका तेलात नसून घाईत आहे. कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये ‘मीटरवर हजार झाले’ म्हणून गाडी नेली, तिथे समोर होते ते २०डब्ल्यू-५० भरले, चेंबरचा नट गरजेपेक्षा जास्त आवळला आणि बिलही घेतले नाही, तर चांगल्या हेतूने केलेले काम वॉरंटीच्या वेळी अंगाशी येते. शिवाय वापरलेले तेल हा कायद्याने घातक कचरा आहे. गरज नसताना तीन-चार लिटर तेल ओतून देणे म्हणजे तेवढा कचरा वाढवणे.

खरी चूक कुठे होते?

हजार किलोमीटरला तेल न बदलल्याने इंजिन गेले, असे सहसा होत नाही. इंजिनाचे हाल होतात ते पहिले वर्ष उलटून गेले तरी तेल तेच राहिल्याने. आणि ही चूक करणारे लोक बेफिकीर नसतात. उलट ते गाडी जपून वापरणारे असतात. ‘अजून तर तीनच हजार झालेत’ हे त्यांचे नेहमीचे वाक्य.

उदाहरण घ्या. पाडव्याला गाडी घेतली. घर ते ऑफिस ४ किलोमीटर, जाऊन-येऊन ८. महिन्याचे २५ दिवस धरले तर वर्षाला होतात २४०० किलोमीटर. मीटर बघितला तर गाडी जवळपास नवीच. पण या वर्षात इंजिन ६०० वेळा थंड असताना सुरू झाले आणि पुरते तापायच्या आत बंद झाले.

इथे एक साधे रसायनशास्त्र आहे. एक लिटर पेट्रोल जळताना साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होते. त्यातले बहुतेक सायलेन्सरमधून निघून जाते. थोडी वाफ मात्र पिस्टनच्या रिंगांमधून खाली तेलात उतरते. थंड इंजिनात न जळलेले थोडे पेट्रोलही त्याच वाटेने खाली येते. लांब पल्ल्यावर तेल नीट तापते आणि हे पाणी, पेट्रोल उडून जाते. चार किलोमीटरच्या फेरीत तेल तापतच नाही. डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा मध्यावर आला तरी तो कूलंटचा असतो. तेल तापायला त्याहून जास्त वेळ लागतो.

मग तेल पातळ होते, त्यात आम्ल तयार होते आणि त्याला मारणारी रसायने हळूहळू संपतात. पावसाळ्यात तेलाच्या झाकणाच्या आत कधी पांढरट, दह्यासारखा थर दिसतो, तो या ओलाव्याचाच. तो दिसला तर आधी गाडी एकदा लांब फिरवून आणावी. तरीही थर येत राहिला किंवा कूलंट कमी होऊ लागले, तर लगेच तपासून घ्यावे.

म्हणूनच ‘१० हजार किलोमीटर किंवा १ वर्ष’ या ओळीतला दुसरा भाग शोभेचा नाही. कमी फिरणाऱ्या गाडीसाठी तोच खरा नियम आहे.

यात आणखी एक गोष्ट पाहावी. दसरा-दिवाळीला मिळालेली गाडी कधी कधी काही महिने यार्डात उभी असते. सर्व्हिसची मुदत डिलिव्हरीच्या तारखेपासून मोजली जाते, पण तेल इंजिनात भरले जाते ते कारखान्यात. त्यामुळे गाडी कोणत्या महिन्यात बनली हे घेतानाच विचारावे. ती पाच-सहा महिने उभी असेल तर पहिले ऑइल चेंज वर्षाच्या शेवटापर्यंत ताणण्याऐवजी थोडे अलीकडे घ्यावे.

किलोमीटर तेच, इंजिनाचे तास वेगळे

मीटर चाके किती फिरली ते सांगतो. इंजिन किती चालले ते सांगत नाही.

मुंबई, ठाणे किंवा पुण्यात गर्दीच्या वेळी सरासरी वेग ताशी २० किलोमीटर धरला, तर १० हजार किलोमीटरसाठी इंजिन ५०० तास चालते. महामार्गावर सरासरी ८० धरली तर तेच अंतर १२५ तासांत होते. मीटर दोन्हीकडे सारखा, पण शहरातल्या इंजिनाने चौपट वेळ काम केले. सिग्नलला उभ्या गाडीचेही तेल तापत आणि झिजत असतेच.

म्हणून ‘माझ्या मित्राने त्याच गाडीचे ऑइल १० हजारला बदलले, काही झाले नाही’ हा पुरावा होत नाही. मित्र नागपूर-अमरावती करत असेल आणि तुम्ही हिंजवडीच्या रांगेत असाल.

मॅन्युअलच्या मागच्या पानांत याचे उत्तर असते. सर्व्हिसच्या मुख्य तक्त्यानंतर अनेकदा ‘कठीण वापर’ असा दुसरा तक्ता दिलेला असतो. लहान फेऱ्या, जास्त वेळ उभे इंजिन, धुळीचे रस्ते, सततचा चढ, जास्त वजन हे सगळे त्यात येते. अशा वापरासाठी तेलाचा टप्पा कमी केलेला असतो. गंमत अशी की आपल्याकडच्या शहरी आणि ग्रामीण अशा दोन्ही प्रकारच्या बऱ्याच मालकांचा रोजचा वापर या ‘कठीण’ यादीतच बसतो. तरीही सगळे पहिला तक्ता वाचून थांबतात.

टर्बो आणि डिझेल गाड्यांचे वेगळे काय?

गेल्या काही वर्षांत लहान टर्बो पेट्रोल इंजिने मोठ्या संख्येने आली. टर्बोचे चक्र मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेऊ शकते आणि ते तेलाच्या पातळ थरावर तरंगत असते. एक्झॉस्टच्या उष्णतेने तिथले तेल लवकर भाजते. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या इंजिनांत तेलात पेट्रोल मिसळण्याचे प्रमाणही जास्त असते. अशा गाडीत टप्पा एक दिवसही लांबवू नये. शहरातच फिरत असेल तर ५००० ते ७५०० किलोमीटरला बदल करणे फायद्याचे.

डिझेलचे गणित १ एप्रिल २०२० पासून, म्हणजे बीएस-६ आल्यापासून बदलले. या गाड्यांत धुरातील काजळी अडवणारा फिल्टर असतो. तो भरला की गाडी जादा डिझेल वापरून काजळी जाळते. हे काम चालू असताना मध्येच गाडी बंद केली आणि असे वारंवार झाले, तर काही डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून तेलात उतरते. मग डिपस्टिकवर तेलाची पातळी कमी होण्याऐवजी वाढलेली दिसते. ‘तेल कमी झाले नाही, उलट वाढले, इंजिन मस्त आहे’ असे समजू नका. ती धोक्याची खूण आहे. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर किलोमीटर कितीही असोत, तेल बदलून घ्यावे.

इलेक्ट्रिक गाडीला इंजिनच नाही, त्यामुळे इंजिन ऑइलही नाही. सीएनजी गाडीत काजळी कमी होते, तेल जास्त काळ स्वच्छ दिसते. पण स्वच्छ दिसणारे तेलही उष्णतेने म्हातारे होते. तिथेही मॅन्युअलची तारीखच पाळावी.

तेल कोणते? जाड की पातळ?

‘आपल्याकडे ऊन जास्त, म्हणून जाड तेल चांगले’ हा सल्ला नव्या इंजिनासाठी चुकीचा आहे. ०डब्ल्यू-१६, ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० या आकड्यांतला डब्ल्यू म्हणजे विंटर, हिवाळा. पहिला आकडा थंड इंजिनात तेल किती सहज वाहते ते सांगतो. दुसरा आकडा इंजिन पूर्ण तापल्यावर त्याचा जाडपणा सांगतो. बाहेर विदर्भातले ४५ अंश असोत की महाबळेश्वरची थंडी, कूलंट आणि थर्मोस्टॅट इंजिनाचे तापमान ठरलेल्या मर्यादेत ठेवतात.

नव्या इंजिनाच्या भागांमधली फट, ऑइल पंप आणि व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणा हे सगळे ठरावीक ग्रेड डोळ्यांसमोर ठेवून आखलेले असते. मारुती सुझुकीच्या अलीकडच्या अनेक पेट्रोल गाड्यांत ०डब्ल्यू-१६ सारखे पातळ तेल चालते ते याचमुळे. त्यात २०डब्ल्यू-५० ओतले तर सकाळी सुरू करताना तेल वरपर्यंत पोहोचायला उशीर होतो आणि मायलेजही पडते.

ग्रेडबरोबर दर्जाही पाहावा. पेट्रोल गाडीच्या डब्यावर एपीआयचे मानक लिहिलेले असते. २०२० मध्ये आलेले एसपी मानक टर्बो पेट्रोल इंजिनातील घातक अवेळी स्फोट रोखण्याचा विचार करून ठरवलेले आहे. बीएस-६ डिझेलला कमी राख तयार करणारे तेलच लागते. साधे तेल घातले तर काजळीचा फिल्टर कायमचा चोंदू शकतो. मॅन्युअलमध्ये लिहिलेला आकडा आणि मानक यांचा मोबाइलवर एक फोटो काढून ठेवला तरी काम भागते.

वॉरंटी कशाने जाते?

इंजिनाचे मोठे काम निघाले की कंपनी पहिली गोष्ट विचारते ती सर्व्हिसची नोंद. वेळेवर, योग्य तेल वापरून सर्व्हिस झाली नसेल तर दावा नाकारण्याला आधार मिळतो. वर्ष उलटून दोन-तीन महिने झालेली सर्व्हिस ‘किलोमीटर कमी होते’ म्हणून माफ होईल, असे धरून चालू नये.

बाहेरच्या गॅरेजमध्ये काम केले की वॉरंटी सरसकट संपते का? भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ कार कंपन्यांना सुमारे २५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम केले एवढ्याच कारणाने वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट घालू नये, अशी भूमिका आयोगाने त्या आदेशात घेतली. मात्र चुकीच्या दुरुस्तीमुळे झालेल्या नुकसानीपासून स्वतःचा बचाव करण्याची मुभा कंपन्यांना ठेवली. या आदेशाला पुढे आव्हाने दिली गेली आणि प्रकरण अनेक वर्षे न्यायालयीन वाटेने गेले. सामान्य गाडीमालकाने तत्त्वासाठी भांडत बसण्यापेक्षा वॉरंटी असेपर्यंत अधिकृत सेंटर गाठावे आणि प्रत्येक बिल जपून ठेवावे. हक्क नाकारला जात असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहेच.

पहिल्या हजार किलोमीटरमध्ये काय करावे?

तेल बदलण्यापेक्षा या काळात गाडी कशी चालवली जाते, हे जास्त महत्त्वाचे आहे.

– इंजिन खूप ओरडेल इतका अ‍ॅक्सिलरेटर दाबू नये आणि वरच्या गिअरमध्ये इंजिन कण्हेल असेही चालवू नये.

– बराच वेळ एकाच वेगाने जाऊ नये. नवी गाडी घेऊन थेट समृद्धी महामार्गावर क्रूझ कंट्रोल लावून ७०१ किलोमीटर कापण्याचा मोह टाळावा. जायचेच असेल तर वेग अधूनमधून कमी-जास्त करत राहावे.

– दर पंधरा दिवसांनी डिपस्टिक पाहावी. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून. रिंगा बसेपर्यंत नवे इंजिन थोडे तेल पिऊ शकते. पातळी खालच्या खुणेजवळ आली तर सेंटरला कळवावे आणि त्याच ग्रेडचे तेल भरून घ्यावे.

– लाल रंगाचा ऑइलचा दिवा चालत्या गाडीत लागला, तर ‘घरी जाऊन बघू’ म्हणू नये. बाजूला घेऊन इंजिन लगेच बंद करावे.

सर्व्हिस सेंटरला काय विचारावे?

पहिल्या सर्व्हिसला गाडी देताना चार प्रश्न पुरे होतात. या वेळी तेल बदलणार की फक्त पातळी पाहणार? पुढचे ऑइल चेंज कोणत्या तारखेला किंवा किती किलोमीटरला? तेलाची ग्रेड आणि मानक काय? फिल्टर सोबत बदलला जातो ना? उत्तरे जॉब कार्डवर लिहून घ्यावीत.

जॉब कार्डवर इंजिन फ्लश, ऑइलमध्ये घालायचे जादा औषध, ‘परफॉर्मन्स ट्रीटमेंट’ अशा नोंदी दिसल्या तर थांबून वाचावे. मॅन्युअलमध्ये नसलेली कोणतीही गोष्ट नव्या इंजिनाला लागत नाही. ‘नको’ म्हणून ती ओळ खोडायला सांगण्यात संकोच कसला?

कंपन्यांनी काय करायला हवे?

या सगळ्या गोंधळात मालकाचा दोष थोडा आणि व्यवस्थेचा जास्त आहे. डिलिव्हरीच्या दिवशी फोटो, केक, मोठी चावी, रिबन सगळे असते. ब्लूटूथ कसे जोडायचे हे पंधरा मिनिटे समजावले जाते. पण पहिले ऑइल चेंज कधी, हे एका वाक्यात कोणी सांगत नाही. मॅन्युअल जाडजूड आणि बहुतेक वेळा इंग्रजीत असते. आता तर ते अ‍ॅपमध्ये किंवा पडद्यावरच्या मेन्यूत गेले आहे. गावात चारचाकी घेणारा शेतकरी, टॅक्सीसाठी कर्ज काढणारा तरुण किंवा निवृत्तीनंतर पहिली गाडी घेणारे शिक्षक यांनी ते कधी आणि कसे वाचायचे?

गाडीसोबत मराठीत छापलेले एक पान द्या. त्यावर तेलाची ग्रेड, पहिल्या बदलाची तारीख आणि किलोमीटर, लहान फेऱ्यांसाठी वेगळा टप्पा आणि वॉरंटीसाठी जपायची कागदपत्रे एवढेच असू द्या. लाखो रुपयांच्या गाडीत या एका पानाचा खर्च किती येईल? ते मिळत नाही, म्हणून मग मामांचा सल्ला आणि मोबाइलवरचा व्हिडिओ यांच्यावर भिस्त राहते.

तोवर हे काम मालकालाच करावे लागेल. मॅन्युअल उघडून दोन्ही तक्ते पाहा. आपली गाडी कोणत्या तक्त्यात बसते ते प्रामाणिकपणे ठरवा. मोबाइलच्या कॅलेंडरमध्ये पहिल्या ऑइल चेंजची तारीख टाका आणि पंधरा दिवस आधीची आठवण लावा. हजार किलोमीटरला तेल बदलायचे की नाही, यावर वाद घालणाऱ्यांना घालू द्या. मीटरवर २४०० दिसत असले तरी, वर्ष पूर्ण होण्याआधी गाडी सर्व्हिसला लावली म्हणजे झाले.